उजेडही मोजून घ्यावा

आपला खानदेश हा मोजून-मापून व्यवहार करणारा मुलूख आहे. जळगावच्या सराफ बाजारात सोने मिलिग्रॅमपर्यंत तोलले जाते. कापसाचा आणि केळीचा भाव क्विंटलवर ठरतो. दूध संकलन केंद्रावर दुधाचे माप तर घेतातच, शिवाय त्यातील स्निग्धांशही तपासतात. परंतु एक वस्तू आपण दररोज पैसे देऊन विकत घेतो आणि ती कधीच मोजून घेत नाही. ती वस्तू म्हणजे उजेड. दुकानात जाऊन आपण म्हणतो, "नऊ वॅटचा एक दिवा द्या." वर्गात चार नळ्या लावल्या की म्हणतो, "झाला भरपूर उजेड." तो किती झाला, पुरेसा झाला की नाही, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे की ही सवय आपण सोडली पाहिजे, आणि तिची सुरुवात शाळेपासून झाली पाहिजे. तुम्ही ज्या बाकावर दिवसाचे पाच-सहा तास वाचता आणि लिहिता, त्या बाकावर किती उजेड पडतो हे तुम्हाला आकड्यात सांगता आले पाहिजे. त्यासाठी चार एककांची नीट ओळख हवी. ती अवघड मुळीच नाहीत.

वॅट म्हणजे उजेड नव्हे

प्रथम वॅटचा घोळ दूर करू. वॅट हे शक्तीचे एकक आहे. दिवा दर सेकंदाला विजेची किती ऊर्जा घेतो, एवढेच वॅटवरून कळते. तो उजेड किती देतो हे कळत नाही. म्हैस विकत घेताना ती रोज किती सरकी पेंड खाते एवढेच विचारून कोणी किंमत ठरवील काय? ती दूध किती देते हे आधी विचारतात. दिव्याचे वॅट म्हणजे त्याची पेंड. त्याचे दूध मोजायचे एकक आहे लुमेन.

जुना ६० वॅटचा तारेचा दिवा सुमारे ७०० लुमेन प्रकाश देत असे. म्हणजे एका वॅटमागे जेमतेम १२ लुमेन. बाकीची बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाई. म्हणूनच पेटलेल्या दिव्याला हात लावता येत नसे. आजचा ९ वॅटचा चांगला एलईडी दिवा ९०० लुमेनच्या आसपास प्रकाश देतो, म्हणजे एका वॅटमागे १०० लुमेन. जोपर्यंत सर्व घरांत तारेचेच दिवे होते, तोपर्यंत 'साठचा दिवा', 'शंभरचा दिवा' म्हटले की उजेडाचा अंदाज येत असे. आता तो अंदाज चालत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. दिवे बदलले, पण आपली भाषा मात्र वॅटचीच राहिली. एकाच वॅटच्या दोन कंपन्यांच्या दिव्यांत उजेडाचा बराच फरक असू शकतो. तो खोक्यावर लुमेनच्या आकड्यात छापलेला असतो, पण वाचतो कोण? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पट्टीवरचे तारेदेखील एका वॅटमागे किती लुमेन मिळतात यावरूनच दिले जातात.

डोळा हेच मापाचे मूळ

येथे तुम्ही एक रास्त शंका काढाल. प्रकाश ही ऊर्जाच आहे, तर मग तो वॅटमध्येच का मोजू नये? याचे उत्तर आपल्या धुळे जिल्ह्यातच सापडते. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर विद्युत प्रकल्प २०१३ सालापासून आहे. अशा प्रकल्पात सूर्यापासून येणारी ऊर्जा दर चौरस मीटरला किती वॅट, अशीच मोजावी लागते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात ती सुमारे १,००० वॅट असते. सौर पट्टीला डोळा नसतो. आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा काही भागदेखील ती वापरते.

आपल्या डोळ्याचे तसे नाही. त्याला सर्व रंग सारखे दिसत नाहीत. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पोपटी प्रकाशाला तो सर्वांत अधिक दाद देतो. त्या रंगाचा एक वॅट प्रकाश म्हणजे ६८३ लुमेन. ६५० नॅनोमीटरच्या लाल रंगाचा एक वॅट प्रकाश म्हणजे अवघे ७३ लुमेन, आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचा एक वॅट म्हणजे सुमारे २६ लुमेन. अवरक्त किरणांचे तुम्ही हजार वॅट जरी सोडले, तरी ते शून्य लुमेन! सामान्य डोळ्याची ही आवडनिवड आंतरराष्ट्रीय पातळीवर १९२४ साली एका आलेखाच्या रूपात मान्य करण्यात आली. तेव्हा लुमेन म्हणजे डोळ्याच्या तराजूवर तोललेला वॅट, असे समजायला हरकत नाही.

चार एकके

आता एक कल्पना करा. एका पोकळ गोलाची त्रिज्या एक मीटर आहे आणि त्याच्या मध्यबिंदूवर एक मेणबत्ती जळते आहे. मेणबत्ती सर्व दिशांना सारखाच प्रकाश देते असे समजा. एखाद्या दिशेला दिव्याचा प्रकाश किती जोमदार आहे, ते तीव्रतेवरून कळते. तीव्रतेचे एकक कँडेला. लॅटिन भाषेत कँडेला म्हणजे मेणबत्तीच, आणि साध्या मेणबत्तीची तीव्रता साधारण एक कँडेला असते.

गोलाच्या आतल्या पृष्ठभागावर एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा तुकडा आखा. त्या तुकड्यावर मेणबत्तीचा जेवढा प्रकाश येऊन पडतो, तो प्रकाशाचा ओघ एक लुमेन. सगळ्या गोलाचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस मीटर, म्हणून मेणबत्तीचा एकूण ओघ १२.५७ लुमेन.

त्याच तुकड्यावर एका चौरस मीटरला एक लुमेन या प्रमाणात प्रकाश पडतो आहे. याला प्रदीपन म्हणतात आणि त्याचे एकक लक्स. एक लक्स म्हणजे दर चौरस मीटरला एक लुमेन. पाऊस जसा जमिनीवर किती पडला ते मोजतात, तसा प्रकाश वहीवर किती पडला ते लक्समध्ये मोजतात.

चौथे एकक पृष्ठभागाच्या तेजस्वितेचे. वहीचे पान, फळा, भिंत, आकाश किंवा मोबाईलचा पडदा यांच्याकडे पाहिले असता ते किती उजळ दिसतात, ते दर चौरस मीटरला किती कँडेला असे मोजतात. यालाच निट असे छोटे नाव आहे. मोबाईलच्या जाहिरातीत 'हजार निट' असे लिहिलेले असते ते हेच. दुपारच्या सूर्यबिंबाची तेजस्विता सुमारे १६० कोटी निट असते, पौर्णिमेच्या चंद्राची काही हजार, आणि चांगल्या उजेडातील वहीच्या पानाची पाऊणशेच्या आसपास.

लक्स आणि निट यांतला फरक पक्का लक्षात ठेवा. लक्स सांगतो उजेड किती पडला. निट सांगतो त्यातला किती परत आला. पांढरा कागद आणि काळा फळा एकाच दिव्याखाली ठेवले, तर दोघांवर सारखेच लक्स पडतात. कागद त्यातले ८० टक्के परत फेकतो, फळा पाच-सहा टक्केच. म्हणून एक पांढरा दिसतो आणि दुसरा काळा.

आणखी एक गंमत. दिव्यापासून दूर गेले की प्रदीपन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट तर उजेड पाव. पण भिंतीपासून दूर गेले म्हणून भिंत काळपट दिसत नाही. अंतर वाढले की भिंतीवरून डोळ्यात येणारा प्रकाश कमी होतो हे खरे, परंतु डोळ्यातील तिची प्रतिमाही त्याच प्रमाणात लहान होते. त्यामुळे तेजस्विता आहे तेवढीच राहते.

अकरावीच्या पुस्तकात तुम्ही सात मूलभूत एकके पाठ करता: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला. पहिली सहा पुढे प्रयोगशाळेत या ना त्या रूपाने भेटतात. सातव्याची मात्र परीक्षेतील रिकाम्या जागेपलीकडे बहुधा गाठच पडत नाही. वास्तविक या कँडेलाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८६० साली इंग्लंडने देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून केलेली ठराविक वजनाची मेणबत्ती हे प्रमाण मानले. जर्मनीत विशिष्ट द्रवावर चालणारा, ४० मिलिमीटर उंच ज्योतीचा दिवा वापरीत. ज्योत म्हटली की ती फडफडणार, हवेबरोबर बदलणार. म्हणून १९४८ साली वितळलेले प्लॅटिनम गोठते त्या तापमानाला एका काळ्या पोकळीतून निघणारा प्रकाश हा आधार घेतला. तोही प्रयोगात कटकटीचा ठरला, तेव्हा १९७९ साली वर सांगितलेल्या ६८३ या आकड्यावर कँडेलाची व्याख्या बांधण्यात आली. २०१९ साली सर्व एककांची नव्याने मांडणी झाली, तेव्हाही हाच आकडा कायम राहिला. भारतात याचे प्रमाण नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते.

डोळा मोजमाप करू शकत नाही

आता कोणी म्हणेल, "एवढे एककांचे लचांड कशाला? उजेड आहे की नाही हे आपल्याला डोळ्यांनी दिसतेच ना?" येथेच फसगत होते. डोळा हे अप्रतिम साधन आहे, पण ते मोजपट्टी नव्हे. दुपारच्या उन्हात एक लाख लक्स उजेड असतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सही भरत नाही. हा चार लाख पटींहून मोठा फरक. तरी दोन्हीकडे आपण वाट शोधून चालू शकतो. बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल स्वतःला जुळवून घेते, आणि मेंदू म्हणतो, 'ठीक आहे.'

तुमच्यापैकी पुष्कळांनी अजिंठा पाहिला असेल. जळगावपासून ते सुमारे ६० किलोमीटरवर आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून लेण्यात शिरले की पहिल्या क्षणी काळोखाशिवाय काही दिसत नाही. पाच-दहा मिनिटे थांबलात की भिंतीवरचे रंग हळूहळू उमलतात. एवढ्या वेळात लेण्यातला उजेड वाढलेला नसतो. तुमचा डोळा बदललेला असतो. मग अशा डोळ्याची साक्ष उजेडाच्या बाबतीत कशी मानावी?

फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर याने १७२९ सालीच ही गोष्ट ओळखली होती. एक पृष्ठभाग दुसऱ्याच्या किती पट उजळ आहे, हे डोळ्याला सांगता येत नाही. परंतु शेजारी ठेवलेले दोन पृष्ठभाग सारखे उजळ आहेत की नाहीत, हे तो बरोबर सांगतो. प्रकाशमापनाचे शास्त्र या एका निरीक्षणावर उभे राहिले.

तुमच्या बाकावर किती?

आता कामाच्या गोष्टीकडे येऊ. भारतीय मानकांनुसार शाळेच्या वर्गात बाकावर साधारण ३०० लक्स प्रदीपन असावे. आपल्या वर्गात ते असते का, याचा हिशेब मांडून पाहू.

समजा वर्ग ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. ३०० लक्ससाठी बाकांच्या पातळीवर ४८ × ३०० म्हणजे १४,४०० लुमेन पोचले पाहिजेत. २० वॅटची एलईडी नळी सुमारे २,००० लुमेन देते. चार नळ्यांचे झाले ८,०००. त्यांतला साधारण निम्मा प्रकाश छत आणि भिंती शोषून घेतात, काही धूळ खाते. उरले ४,००० लुमेन. त्यांना ४८ ने भागा: ८३ लक्स. पाहिजेत ३००, मिळाले ८३!

तुम्ही म्हणाल, दिवसा खिडकीतून उजेड येतो की. जरूर येतो. पण तो सर्वांना सारखा मिळत नाही. इमारतींच्या आराखड्यासाठी आपल्याकडे उन्हाचा थेट झोत वगळून नुसत्या मोकळ्या आकाशाचा उजेड ८,००० लक्स धरतात. खिडकीपासून दूरच्या बाकावर त्याचा अर्धा टक्का पोचला, तर ते झाले ४० लक्स. शिवाय आपल्याकडे फाल्गुन सरला की ऊन तापू लागते. पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिशीकडे जातो आणि झळा लागू नयेत म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घेतात. खिडकीला काचेऐवजी लोखंडी पत्र्याच्या झडपा असल्या, तर झळांबरोबर उजेडही बाहेर राहतो. आणि नेमके हेच दिवस वार्षिक परीक्षेचे असतात.

येथेही एककांचा उपयोग होतो. नुसत्या आकाशाच्या उजेडात एका वॅटमागे शंभराहून अधिक लुमेन असतात. म्हणजे वर्गाला लागणाऱ्या १४,४०० लुमेनबरोबर फार तर १४० वॅट उष्णता आत येईल, जवळजवळ दोन पंख्यांएवढी. वर्ग तापतो तो उजेडाने नव्हे; थेट उन्हाने, तापलेल्या छताने आणि गरम वाऱ्याने. तेव्हा ऊन अडवावे, वारा अडवावा, पण आकाशाचा उजेड अडवू नये. उत्तरेच्या खिडकीला काचेची तावदाने आणि दक्षिण-पश्चिमेला छज्जा किंवा पांढरा पडदा असला, तर दोन्ही गोष्टी साधतात.

फळा का दिसत नाही?

बाकावरचा उजेड लक्सचा प्रश्न, तर फळ्यावरची अक्षरे हा निटचा प्रश्न. समजा फळ्यावर १५० लक्स उजेड पडतो. स्वच्छ काळा फळा त्यातला ६ टक्के परत फेकतो. त्याची तेजस्विता होते सुमारे ३ निट. खडूची रेघ ६० टक्के परत फेकते. तिची सुमारे २९ निट. रेघ फळ्याच्या जवळजवळ दहापट उजळ, म्हणून अक्षर ठसठशीत दिसते. आता फळा कोरड्या डस्टरने घासून घासून करडा झाला आणि २० टक्के प्रकाश परत फेकू लागला, तर त्याची तेजस्विता होईल साडेनऊ निट. दहापटीची तीनपट झाली! नवा दिवा न लावता नुसत्या ओल्या फडक्याने ती पुन्हा दहापट करता येते.

त्याहून वाईट गोष्ट चकाकीची. खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाची तेजस्विता ५,००० निट धरा. गुळगुळीत, तुळतुळीत रंगवलेल्या फळ्यात त्याचे चार टक्के आरशासारखे परावर्तित झाले, तर २०० निट झाले. हे २०० फळ्यातही मिळतात आणि खडूतही मिळतात. फळा झाला २०३, रेघ झाली २२९. फरक जवळजवळ नाहीसाच झाला. कडेच्या बाकावरचा मुलगा "सर, दिसत नाही" म्हणतो, तेव्हा तो कुरकुर करीत नसतो. तो पदार्थविज्ञानाचे एक सत्य सांगत असतो. त्याला चष्मा लागला असेल अशी शंका घेण्यापूर्वी त्याच्या जागेवर बसून फळ्याकडे एकदा पाहावे, अशी माझी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. फळ्याला तुकतुकीत नव्हे तर मंद रंग द्यावा आणि त्याच्या लगतची खिडकी फळा वाचण्यापुरती झाकावी, काम भागते.

आक्षेप आणि उत्तर

"आमचे आजोबा चिमणीच्या उजेडात शिकले आणि मोठे झाले," असे आपण नेहमी ऐकतो. ते खरे आहे आणि त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण चिमणीची तीव्रता एक कँडेला धरली, तर अर्ध्या मीटरवर तिचे प्रदीपन होते ४ लक्स, आणि वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटरवर, १६ लक्स. मुले चिमणीला नाक लावून का वाचत, हे यावरून कळते. ते शिकले ते चिमणीमुळे नव्हे, चिमणी असूनही. अमावास्येला शेतात पायवाट सापडते, म्हणून रस्त्यावर दिवे नकोत असे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही करू नये. मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, असे सिद्ध झालेले नाही. पण डोळे लवकर थकतात, वाचण्याचा वेग कमी होतो, बारीक अक्षर चुकते, मूल पुस्तकावर वाकून बसते. आणि पुढे कंटाळून पुस्तक मिटते. शिक्षणात एवढे नुकसान काय थोडे आहे?

उलट भरपूर उजेडाचा एक लाभ अलीकडे स्पष्ट झाला आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात काही शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ घराबाहेर नेले. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. कडुनिंबाच्या सावलीतही हजारो लक्स उजेड असतो आणि वर्गात शंभर, हे लक्षात घेतले की या बातमीचे महत्त्व कळते. डोळ्याला मात्र दोन्ही ठिकाणी 'उजेड आहे' एवढेच वाटते.

आणि उजेड जितका जास्त तितका चांगला, असेही नाही. धुळ्याला १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखिते जपलेली आहेत. जुना कागद आणि शाई प्रकाशाने फिकट होतात, म्हणून असे कागद प्रदर्शनात मांडताना ५० लक्सच्या वर जाऊ नये, असा जगभरच्या संग्रहालयांचा दंडक आहे. वाचणाऱ्या मुलाला ३००, जुन्या पोथीला ५०. हे केवळ 'कमी' आणि 'जास्त' या शब्दांनी कसे सांगणार? तेथे आकडाच लागतो.

तिसरा आक्षेप पैशांचा. "वर्गात चौदा नळ्या कोण लावणार?" पण मी आधी मोजा असे म्हणतो आहे, खर्च करा असे नव्हे. मोजल्यावर कळेल की भिंतींना आणि छताला पांढरा चुना दिला, नळ्यांवरची धूळ पुसली, बाकांची मांडणी बदलली, तर खर्चाशिवाय किंवा अल्प खर्चात किती फरक पडतो. त्यानंतर ज्या दोन रांगांत उजेड खरोखर कमी असेल, तेथेच जादा नळ्या लावाव्यात. मोजमाप नसले म्हणजे एक तर काहीच होत नाही, नाही तर नको तेथे खर्च होतो.

करून पाहा

आता तुमच्यासाठी दोन कामे देतो.

पहिले काम घरी करता येईल. पांढऱ्या कागदावर मध्यभागी शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाका आणि जादा तेल टिपून घ्या. कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत उभा बसवा. अंधाऱ्या खोलीत एकाच कंपनीचे, सारखेच दोन दिवे समोरासमोर ठेवा: एक पुसलेला आणि एक महिनोन्‌महिने धूळ बसलेला. दोन्ही दिवे सारख्याच स्थितीत उभे असू द्या. मध्ये हा कागद धरून मागेपुढे सरकवा. मागून उजेड जास्त असला तर डाग उजळ दिसतो, पुढून जास्त असला तर काळपट. दोन्हीकडून सारखा झाला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. तेथून दोन्ही दिव्यांची अंतरे मोजा. समजा धुळकट दिवा ७० सेंटिमीटरवर आणि स्वच्छ दिवा ८० सेंटिमीटरवर आहे. तीव्रतांचे गुणोत्तर ७० चा वर्ग भागिले ८० चा वर्ग, म्हणजे ०.७७. धुळीने २३ टक्के उजेड खाल्ला! ज्याच्या नावाचा बर्नर तुम्ही प्रयोगशाळेत वापरता, त्या बुन्सेनची ही युक्ती. यात बूगेरचेच तत्त्व आहे: डोळ्याला किती पट ते विचारायचे नाही, सारखे आहे का एवढेच विचारायचे.

दुसरे काम शाळेत, पाच-सहा जणांनी मिळून करायचे. लक्समापक हे उपकरण एक-दोन हजार रुपयांत मिळते. शाळेने एक अवश्य घ्यावे. ते नसेल तर शिक्षकांच्या मोबाईलमधील प्रकाशसंवेदक वापरा. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण एका बाकाची दुसऱ्या बाकाशी तुलना करायला तो चालतो. वर्गाचा नकाशा काढा. प्रत्येक बाकावर उपकरण आडवे ठेवून, त्यावर आपली सावली पडू न देता, आकडा टिपा. सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना; एकदा खिडक्या उघड्या ठेवून, एकदा बंद करून. १०० च्या खालचे बाक लाल पेन्सिलीने रंगवा, १०० ते ३०० चे पिवळ्या आणि त्यावरचे हिरव्या.

तो नकाशा वर्गाच्या दारावर लावा आणि एक प्रत मुख्याध्यापकांना द्या. "वर्गात अंधार आहे" ही तक्रार असते आणि तक्रारीवर वाद घालता येतो. "तिसऱ्या रांगेतील पाचव्या बाकावर दुपारी चार वाजता ६० लक्स आहेत" हे मोजमाप असते. त्यावर वाद घालायचा, तर समोरच्यालाही मोजावेच लागेल. जेथे लाल रंग दिसेल तेथे निदान जागांची पाळी तरी लावून घ्या, म्हणजे एकाच मुलाला वर्षभर अंधारात बसावे लागणार नाही. आणि पुढच्या वेळी घरच्यांबरोबर दिवा घ्यायला गेलात, की वॅट विचारून थांबू नका. खोक्यावरचे लुमेनही वाचून घ्या.